श्रोत्यांची उसनवारी

आमच्या घराच्या पूर्वेकडील खोलीत जे जुने शिसवी कपाट आहे, त्याचे दोन्ही दरवाजे सताड उघडे टाकून, आतल्या गोधड्या, शाली आणि माझ्या वडिलांचा एक लोकरी कोट यांच्या पुढ्यात माइक मांडून माझा पुतण्या दर पंधरवड्याला तासभर एकटाच बोलत बसतो. त्या बोलण्याला पॉडकास्ट म्हणतात, आणि ते चालू असताना घरातील पंखा, मिक्सर, कुकर व मी हे चौघेही बंद असले पाहिजेत असा त्याचा दंडक आहे. गोधड्यांमुळे आवाज घुमत नाही, हे त्याने मला पूर्वीच समजावून दिले आहे. त्याचा विषय म्हणावा तर ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या, त्यांवरील नाट्यपदे, ती गाणारे नट, आणि रंगमंचावर वन्समोर घेत घेत अर्धा तास रंगणारे पद तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत कसे कोंबले जाई याची चिकित्सा. ऐकणारी मंडळी मोजकी, निष्ठावंत, आणि वयाने बहुतांशी माझ्या बरोबरीची.

गेल्या पावसाळ्यात या कपाटापुढे दुसरी खुर्ची आली. कुस्ती, तालमी आणि वस्ताद यांच्याविषयी असाच कार्यक्रम चालविणारी कोल्हापूरची एक मुलगी त्याच्याकडे पाहुणी म्हणून यावयाची होती. "रात्रीच्या गाडीनं आलो, काका," असे तिने दारातच सांगितले, तेव्हा तिकडच्या मुली स्वतःविषयी बोलताना पुल्लिंगी क्रियापद वापरतात हे विसरलेला मी क्षणभर तिच्या मागे आणखी कोणी उभे आहे काय ते पाहू लागलो. व्यवस्था अशी होती की, एक भाग दोघांनी मिळून बोलावयाचा आणि तोच भाग दोघांनीही आपापल्या श्रोत्यांपुढे ठेवावयाचा.

"तिचे लोक मला ऐकतील, माझे लोक तिला. बास, एवढंच," पुतण्या म्हणाला.

"ऐकतील, पण राहतील का?"

"ते आपल्या हातात नाही, काका. तेवढा पंखा बंद करा."

मी पंखा बंद केला आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. परंतु तो प्रश्न माझ्याबरोबरच बाहेर आला. आपल्याकडे शेजारघरातून उसने पीठ आणावयाचे ते सपाट वाटीने आणावे आणि परत करताना मात्र वाटी शिगोशीग भरावी अशी रीत होती; त्या शिगेतच शेजारधर्म सामावलेला असे. श्रोत्यांची आणि प्रेक्षकांची अशी उसनवारी करण्याचा परिपाठ या मुलांनी आज नव्याने काढलेला नाही, तर ज्या ज्या धंद्यात माणसांना एके ठिकाणी जमवून आपली कला ऐकवावी लागते, त्या त्या धंद्यात तो पूर्वापार चालत आला आहे. आणि आपल्या मराठी मुलखात तर त्याचा इतिहास इतका रंगतदार आहे की, त्याची थोडी झडती घेतल्यावाचून मला राहवले नाही.

पेशवाईच्या उत्तरार्धात शाहिरांचे जे फड गाजत होते, त्यांत होनाजी-बाळा हे नाव आजही सर्वतोमुखी आहे, आणि पुष्कळांस ते एकाच माणसाचे नाव वाटते. वस्तुतः होनाजी शिलारखाने हा रचना करणारा आणि बाळा करंजकर हा ती गाणारा. एकाचे शब्द आणि दुसऱ्याचा गळा अशी ती जोडी होती, आणि फडाच्या लौकिकात कोणाचा वाटा किती याची वाटणी त्यांच्या हयातीत झाली नाही, तशी नंतरही झाली नाही. हे झाले एका फडातले सख्य. परंतु दोन फडांनी एका मैदानात उतरण्याची जी रीत होती, ती कलगी-तुऱ्याची. शिवाचे किंवा ब्रह्माचे श्रेष्ठत्व मांडणारे ते तुरेवाले आणि शक्तीचे, मायेचे श्रेष्ठत्व मांडणारे ते कलगीवाले. एकाने भेदिक लावणीतून कूट सवाल टाकावयाचा आणि दुसऱ्याने तो तिथल्या तिथे उलगडून उलट सवाल घालावयाचा. वाद अध्यात्माचा, पण त्याची गोडी आखाड्यातली. जत्रेला आलेल्या माणसाला प्रकृती मोठी की पुरुष मोठा याचा निकाल हवा असे, असे म्हणणे धाडसाचे होईल. त्याला हवा असे तो सामना. आपल्या गावच्या शाहिराचा पाठीराखा म्हणून तो यावयाचा, आणि रात्र सरता सरता परक्या शाहिराची एखादी लावणी गुणगुणत घरी जावयाचा. दोन्ही फडांची माणसे एका मैदानात येत, म्हणजे गर्दी दुप्पट; आणि वैर जितके कडवे दिसे तितकी सुपारी मोठी, हे गणित त्या निरक्षर म्हणविल्या जाणाऱ्या कलावंतांना चांगले अवगत होते.

नाटक मंडळ्यांचे तसे नव्हते. सांगलीच्या चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीतास्वयंवराचा खेळ केला तेव्हापासून, किंवा संगीत रंगभूमीपुरते बोलावयाचे तर १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल उभे राहिले तेव्हापासून, आपल्या मंडळ्यांचा इतिहास हा जोडणीचा कमी आणि फुटीचा अधिक असा आहे. किर्लोस्कर मंडळीतून १९१३ साली बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्याच किर्लोस्कर मंडळीतून १९१८ साली दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे निघाले आणि बळवंत संगीत मंडळी झाली. प्रत्येक मंडळी म्हणजे एक छोटेखानी संस्थानच असे: तिचे बिऱ्हाड, तिचा मुदपाकखाना, तिचे मालक आणि भागीदार, तिचे पडदे, तिचे दागदागिने, तिचा ऑर्गनवाला आणि तबलजी, आणि वर्षभराच्या मुक्कामांचा तिचा ठरलेला दौरा. पुणे, मुंबई, वऱ्हाड-नागपूर, बडोदे, इंदूर, बेळगाव, हुबळी अशा त्या मुलूखगिरीत एका गावी दोन मंडळ्यांचा मुक्काम एकाच वेळी पडणे म्हणजे उत्पन्नावर गदा. सबब, शक्य तो एकमेकींची सरहद्द न ओलांडण्याकडे त्यांचा कल असे. प्रेक्षकांतही तट पडलेले होते. गंधर्वांचा भक्त आणि केशवराव भोसल्यांचा भक्त यांची एका ओसरीवर गाठ पडली, तर यजमानाने चहा लवकर आटोपता घ्यावा हे बरे.

केशवराव भोसले हे नाव आजच्या वाचकाला परिचयाची गरज असलेले झाले आहे, म्हणून थोडे सांगतो. १८९० च्या ९ ऑगस्टला कोल्हापुरात, दारिद्र्यात जन्मलेला हा मुलगा स्वदेशहितचिंतक मंडळीत बालनट म्हणून लागला, देवलांच्या शारदेच्या भूमिकेत नावारूपास आला, आणि पुरता अठरा वर्षांचाही झाला नव्हता तोच १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीस त्याने स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. त्याचा आवाज उंच, धारदार आणि पल्लेदार. तारसप्तकात तो लीलया वावरत असे. उलट नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांचा स्वर मधुर, भावाने भिजलेला, श्रोत्याला कवेत घेणारा. एकाच्या गाण्याने अंगावर काटा यावा, दुसऱ्याच्या गाण्याने डोळे मिटावेत. अशा या दोघांनी १९२१ च्या ८ जुलैला मुंबईत बालीवाला थिएटरात एकाच रंगमंचावर उभे राहून खाडिलकरांच्या 'मानापमाना'चा प्रयोग केला, आणि 'संयुक्त मानापमान' हा शब्दप्रयोग त्या रात्रीपासून मराठी भाषेत वहिवाटीने रूढ झाला. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवरावांचा.

हे घडले कसे, याचा विचार करू लागले म्हणजे त्या एका रात्रीमागे किती गोष्टी जुळून याव्या लागल्या ते दिसू लागते. पहिली गोष्ट पैशाची. प्रयोग होता टिळक स्वराज्य फंडासाठी. लोकमान्यांना जाऊन वर्ष पुरे होत आले होते. बेझवाड्याच्या बैठकीत काँग्रेसने या फंडाकरिता ३० जूनपर्यंत एक कोट रुपये जमविण्याचा संकल्प सोडला होता, आणि प्रयोगाच्या दिवशी ती मुदत उलटून आठवडा झालेला असला तरी देशभर चढलेला तो ज्वर उतरलेला नव्हता. नारायणाला बालगंधर्व ही पदवी लहानपणी लोकमान्यांनीच दिली असे परंपरा सांगते. नाटककार खाडिलकर तर केसरीच्या कचेरीत लोकमान्यांच्या हाताखाली वाढलेले. ही भावनेची बाजू झाली. माझ्या मते तिच्याइतकीच महत्त्वाची बाजू हिशेबाची: उत्पन्न दोघांपैकी कोणाच्याच पेटीत जावयाचे नव्हते, म्हणून वाटणीचा तंटाच उद्भवला नाही. दोन मालकांना एकत्र आणावयाचे तर तिजोरी तिसऱ्याची असावी, आणि येथे जागाही तिसऱ्याची होती; पारशी रंगभूमीचे मशहूर नट खुर्शेदजी बालीवाला यांच्या नावाचे ते नाट्यगृह दोन्ही मराठी मंडळ्यांना सारखेच परके होते.

दुसरी गोष्ट नाटकाची. 'मानापमान' किर्लोस्कर मंडळीने १२ मार्च १९११ रोजी प्रथम रंगभूमीवर आणले, आणि त्याच दिवशी स्वतःची मुलगी दगावली असताना बालगंधर्व भामिनी म्हणून उभे राहिले ही हकीकत प्रत्येक रसिकाला ठाऊक आहे. म्हणजे १९२१ साली ते नाटक दहा वर्षांचे जुने, पदन्‌पद लोकांच्या तोंडी बसलेले. नवे नाटक संयुक्त करता येत नाही. ज्याची नक्कल दोघांना आधीच पाठ आहे, ज्याच्या जागा दोघांना ठाऊक आहेत आणि प्रेक्षकांनाही ठाऊक आहेत, अशाच नाटकात दोन परके नट एकमेकांसमोर उभे राहू शकतात. पुढे या गोष्टीने मोठा घात केला, पण ते ओघाने येईलच. नाटकाचे कथानकही पाहा. श्रीमंतीचा तोरा असलेली भामिनी निर्धन पण पराक्रमी धैर्यधराला नाकारते, त्या अपमानाने तो पेटतो, मग ती वनमाला हे नाव घेऊन, वेष पालटून त्याच्या छावणीत राहते आणि त्याच्या गुणांवर लुब्ध होते. दोन अभिमानी माणसांनी आपला मान बाजूला ठेवून एकमेकांचे गुण ओळखावे हेच ज्या नाटकाचे सार, ते दोन अभिमानी नाटक मंडळ्यांच्या मालकांनी एकत्र करावे, यातला योगायोग त्या रात्री बाल्कनीपासून पिटापर्यंत कोणाच्या नजरेतून सुटला असेल असे मला वाटत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत बिकट, आणि ती स्वराची. गाणाऱ्या माणसाची पट्टी ही त्याच्या गळ्याची जहागीर असते. पेटीवरची काळी अमुक किंवा पांढरी तमुक हा आधारस्वर एकदा ठरला की, त्याची सारंगी, त्याचा तबला, त्याचा साथीदार सारे त्या स्वराला बांधलेले. एका मंडळीत हे वर्षानुवर्षे जुळत जाते. परंतु दोन मंडळ्यांचे दोन नायक समोरासमोर आले आणि एकाचे पद संपून दुसऱ्याचे सुरू झाले, म्हणजे साथ करणाऱ्याने क्षणार्धात पट्टी बदलावयाची, तबला उतरवावयाचा किंवा दुसरा ओढावयाचा, आणि हे सर्व प्रेक्षकांच्या कानाला न खुपता. मी लहानपणी ज्या संयुक्त नाटकांना वडिलांचे बोट धरून गेलो, त्यांत मला सगळ्यांत अधिक आठवतो तो रंगमंचापुढच्या खाचेत बसलेला ऑर्गनवाला: कपाळावर घाम, डोळे गाणाऱ्याच्या ओठांवर, एक पाय भात्यावर, आणि नायकाने तान घेऊन सम गाठली रे गाठली की नायिकेच्या पट्टीकडे सरकणारी त्याची बोटे. तबलजीच्या मांडीशी तीन तबले ठेवलेले असत आणि हातोडीचे टकटक संवादांच्या आडून ऐकू येत असे. संयुक्त या शब्दाचा अर्थ माझ्यापुरता त्या हातोडीच्या आवाजात आहे.

त्या रात्रीने दोन्ही मंडळ्यांना काय दिले, या प्रश्नाचा ताळेबंद मात्र कधीच मांडला गेला नाही, कारण त्याच वर्षी, ४ ऑक्टोबरला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी केशवराव विषमज्वराने गेले. प्रयोगाला पुरते तीन महिनेही झाले नव्हते. गंधर्वांचे भक्त ललितकलादर्शाच्या पिटात येऊन बसले असते काय, केशवरावांच्या तारस्वरावर पोसलेल्या कानांना भामिनीचे मार्दव रुचले असते काय, हे पाहण्यास दुसरा हंगामच उजाडला नाही. ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनी सावरली, मामा वरेरकरांसारख्या नाटककाराला हाताशी धरून नवी नाटके केली, आणि ती मंडळी पुढे दीर्घकाळ टिकली. परंतु ते श्रेय पेंढारकरांचे, उसन्या प्रेक्षकांचे नव्हे.

मग बोलपट आला. १९३२ सालच्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र म्हणून उभे राहिले ते ज्यांनी 'मानापमाना'ला चाली दिल्या तेच गोविंदराव टेंबे; आणि १९३५ साली स्वतः बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'त संत एकनाथ झाले. बिऱ्हाडे मोडली, पडदे विकले गेले, नाट्यगृहांची चित्रगृहे झाली. १९४३ साली सांगलीत रंगभूमीची शताब्दी साजरी झाली आणि मुंबईत डॉ. अमृत नारायण भालेराव यांच्या उमेदीने साहित्य संघाने नाट्यमहोत्सवांतून विखुरलेल्या नटांना पुन्हा एकत्र आणले. त्या उत्सवांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांच्याच आगेमागे एक वेगळा धंदा मूळ धरू लागला, त्याचे नाव कॉन्ट्रॅक्टी नाटक. यात मंडळी नाही, बिऱ्हाड नाही, मालकही नाही. आहे तो एक ठेकेदार. त्याने थिएटर धरावयाचे, ड्रेपरीवाल्याकडून शालू-शेले आणि मुकुट भाड्याने आणावयाचे, कृष्ण एका गावचा, अर्जुन दुसऱ्या गावचा, सुभद्रा तिसरीकडची अशी जुळवाजुळव करून प्रत्येकाची नाइट ठरवावयाची, आणि जाहिरातीत नावांची रांग लावून द्यावयाची. तालीम नसे. नट संध्याकाळच्या गाडीने उतरत, रंगपटातच एकमेकांना नमस्कार करीत आणि तासाभराने रंगमंचावर प्रेमालाप करू लागत. लोक लोटत असत, हे खरे. छोटा गंधर्वांचा कृष्ण ऐकण्यासाठी बैलगाड्या जोडून आलेली माणसे मी पाहिली आहेत. परंतु वर ज्या घाताचा उल्लेख केला तो येथे झाला. एका संध्याकाळच्या ओळखीवर जे खेळता येते ते फक्त सर्वांना पाठ असलेले. म्हणून सौभद्र, संशयकल्लोळ, मानापमान, स्वयंवर, एकच प्याला, आणि पुन्हा सौभद्र. जो परिपाठ १९२१ साली अपवाद म्हणून देदीप्यमान ठरला, तो नित्याचा होताच संगीत रंगभूमीच्या अंगाला गोठवू लागला. प्रेक्षक नावांच्या जोडीला येत, नाटकाला येत नसत; आणि जोडी सुटली की तेही सुटत, कारण ज्या घरी परत यावे असे घरच कोणाचे उरले नव्हते.

ध्वनिक्षेपणाच्या धंद्यात या परिपाठाने परदेशी जे रूप घेतले ते मला कलगी-तुऱ्याचे सख्खे भावंड वाटते. अमेरिकेत रेडिओच्या भरभराटीच्या काळी जॅक बेनी आणि फ्रेड ॲलन हे दोन विनोदी नट आपापले स्वतंत्र कार्यक्रम चालवीत. १९३६ च्या ३० डिसेंबरला ॲलनच्या कार्यक्रमात दहा वर्षांच्या एका पोराने व्हायोलिनवर एक अवघड गत सफाईने वाजविली, आणि ॲलनने लगेच बेनीच्या भिकार व्हायोलिनवादनावर टोमणा मारला; बेनीने पुढे आपल्या कार्यक्रमातून उत्तर दिले, ॲलनने त्यावर प्रत्युत्तर, आणि महिनोन्‌महिने हे सवाल-जवाब चालले. १४ मार्च १९३७ रोजी न्यूयॉर्कच्या पिएर हॉटेलातून झालेल्या प्रक्षेपणात दोघे समोरासमोर आले. खासगीत हे दोघे चांगले स्नेही होते. परंतु उत्तर ऐकावयाचे तर दुसऱ्याचा कार्यक्रम लावणे श्रोत्याला प्राप्तच होते, आणि तेथे त्याला भांडणापलीकडचे पुष्कळ काही ऐकावयास मिळे. आमच्या शाहिरांनी हे केवळ डफ-तुणतुण्यावर साधले होते, एवढाच फरक.

पॉडकास्ट या शब्दाचे वय फारसे नाही. बेन हॅमर्सली या इंग्रज पत्रकाराने २००४ साली तो सहजगत्या सुचविला, आणि पुढच्याच वर्षी ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये अशा कार्यक्रमांना जागा दिल्यावर तो सार्वत्रिक झाला. पुतण्याने मला या धंद्याची जी मेख समजावून दिली ती अशी की, येथे नाक्यावर फलक लागत नाही, दवंडी पिटली जात नाही, येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानावर दुरून सूर पडत नाही. ऐकणारा माणूस कानात बोंडे घालून एकटा चालत असतो, आणि तो काय ऐकतो आहे हे शेजाऱ्यालाही कळत नाही. नाटकाला गर्दी पाहून गर्दी जमे. येथे गर्दी अदृश्य असते. म्हणून नव्या श्रोत्यापर्यंत पोहोचण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग एकच उरतो: तो ज्याचे आधीच ऐकतो आहे त्याच्याच तोंडून आपले नाव त्याच्या कानी घालणे. कोणी पाहुणा म्हणून जातो. कोणी आपला एक अख्खा भाग दुसऱ्याच्या वर्गणीदारांपुढे ठेवतो. २०१४ साली 'सीरियल' हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्याचा पहिला भाग 'धिस अमेरिकन लाइफ' या रेडिओवरील नामांकित कार्यक्रमाने आपल्याच वेळात ऐकविला. घरच्या वडीलधाऱ्याने नव्या सुनेचा हात धरून तिला सभेत आणून बसवावे तसा तो प्रकार होता. त्याच वर्षी रोमन मार्स आणि पीआरएक्स ही संस्था यांनी रेडिओटोपिया या नावाखाली स्वतंत्र कार्यक्रमांची एक जूट बांधली. प्रत्येकाचा कार्यक्रम आपापला, पण शिफारस परस्परांची.

यात उसना दिला जातो तो श्रोता नव्हे, तर त्याच्यावरची आपली पत, हे या सगळ्या व्यवहाराचे मर्म आहे असे मला वाटते. जो दुसऱ्याला आपल्या श्रोत्यांपुढे उभा करतो तो त्याचा जामीन राहतो. पाहुणा पोकळ निघाला तर वसुली यजमानाकडून होते. आणि आज माझ्या पुतण्याच्या मोबाइलवर मी जे थोडेफार ऐकतो त्यात कॉन्ट्रॅक्टी नाटकाची कळा मला पुन्हा दिसू लागली आहे: तेच दहा-बारा पाहुणे या माइकपुढून त्या माइकपुढे फिरतात, त्याच बालपणीच्या हकीकती त्याच जागी सांगतात, आणि सौभद्रातील पदासारख्या त्या आता श्रोत्यांना तोंडपाठ झालेल्या आहेत. हे मी त्याला बोलून दाखविले, तेव्हा तो म्हणाला, "म्हणून तर कुस्तीवाली बोलावली, काका. तिच्याकडचं माझ्या लोकांनी कधी ऐकलेलंच नाही."

त्याच्या या उत्तरात तथ्य होते, आणि त्या दोघांनी निवडलेला विषय पाहून तर मी मनातल्या मनात त्यांना विड्याचे पान दिले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधून घेतले आणि त्याला खेटूनच १९१५ साली पॅलेस थिएटर उभारले. एकाच आवारात पाठीला पाठ लावून आखाडा आणि रंगमंच. पुढे त्या थिएटरला केशवराव भोसल्यांचे नाव देण्यात आले, आणि २०२४ च्या ८ ऑगस्टला, केशवरावांच्या जन्मदिवसाच्या आदल्या रात्री, त्याला आग लागून ते बेचिराख झाले. त्या आवाराविषयी ते दोघे बोलत होते. ती सांगत होती ते दंगलीच्या दिवशी मैदानातून उठणाऱ्या आरोळीविषयी, तो सांगत होता ते भिंतीपलीकडच्या नाट्यपदांविषयी. आणि मग आगीचा विषय निघाला तेव्हा दोघेही काही वेळ बोललेच नाहीत. दाराबाहेर मला वाटले की यंत्र बंद पडले. नंतर कळले की तेवढी निःशब्दता त्यांनी कापली नाही, तशीच ठेवली.

मध्यंतरी एकदा ती पाणी पिण्यासाठी बाहेर आली, तिच्या चेहऱ्यावरचा घाम पाहून मला राहवले नाही, आणि ती आत गेल्यावर मी बाहेरच्या खोलीतला पंखा हळूच एकवर लावला. पुढे भागाच्या चित्रावर कोणाचे नाव आधी घालावयाचे यावरून दोघांत जी लांबलचक मसलत चालली, तिच्यात माझ्या या अपराधाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. नावे अखेर वर्णानुक्रमाने लागली आणि त्यामुळे आमचा पुतण्या दुसरा आला.

महिन्याभराने मी त्याला सहज विचारले की, कोल्हापूरकर राहिले का गेले. बरेचसे गेले, तो म्हणाला; काही आहेत. त्यांतले एक म्हातारे पैलवान आहेत, जन्मात कधी नाट्यपद ऐकले नव्हते, आता दर भागाला कळवतात. परवाच त्यांचा निरोप आला: तबकड्यांचे सगळे भाग पहिल्यापासून ऐकून काढले, गंधर्वांपेक्षा केशवरावच भारी वाटला, आणि त्या आवाराच्या भागात निम्म्यानंतर मागे कुठेतरी पंखा फिरतो आहे, तो कोणी लावला?